घर घेताना बसथांबा कितपत पाहावा? (नाशिक : म्हसरूळ की उपनगर नाका)

शोधयात्री
नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षे आम्ही पंचवटीत भाड्याने राहत आहोत आणि आता स्वतःचे घर घ्यायचे ठरले आहे. पाहून पाहून दोन घरे उरली. पहिले म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्यापासून बरेच आत, नव्या इमारतीतील प्रशस्त टू बीएचके. किंमत ४२ लाख. दुसरे उपनगर नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर, पंधरा वर्षांच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आकाराने लहान, लिफ्ट नाही. किंमत ४९ लाख. माझी नोकरी अंबडला पाळ्यांची आहे, त्यामुळे मला दुचाकीशिवाय गत्यंतर नाही. पत्नी नाशिकरोडला बिटको चौकाजवळ एका शाळेत शिकवते, मुलगी आठवीत आहे आणि आई सत्तरीची आहे, तिला महिन्यातून दोनदा दवाखान्यात जावे लागते. पत्नीचे म्हणणे असे की ज्या घरातून तिला आणि आईला माझ्यावाचून बाहेर पडता येणार नाही, ते घर कितीही मोठे असले तरी उपयोगाचे नाही. माझे मत असे की शहर वाढते तिथे बस आज ना उद्या जातेच, म्हणून आज स्वस्त मिळते ते घ्यावे. अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

निमाणीकर
म्हसरूळ गावापर्यंत बस आहे आणि ती पंचवटीतल्या निमाणी बसस्थानकाला येते, तेव्हा गैरसोय फार नाही. मात्र 'म्हसरूळच्या पुढे' आणि 'बरेच आत' या दोन शब्दप्रयोगांत किती किलोमीटर दडले आहेत ते आपण लिहिलेले नाही.

शोधयात्री
मुख्य रस्त्यापासून सव्वा किलोमीटर. विक्री कार्यालयात मात्र 'बसथांबा हाकेच्या अंतरावर' असे सांगितले गेले.

भटका बगळा
हाक मारणाऱ्याचा घसा दमदार असावा. जाहिरातीतली दहा मिनिटे ही पहाटे चार वाजता, सर्व सिग्नल बंद असताना, वारा पाठीशी घेऊन मोजलेली असतात, असे माझे जुने निरीक्षण आहे.

हिशेबनीस
भावना क्षणभर बाजूला ठेवून आकडे पाहू. दोन घरांतील फरक सात लाखांचा आहे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी सात लाख अधिक कर्ज काढल्यास हप्ता सुमारे ६,१०० रुपयांनी वाढतो. आता म्हसरूळहून बिटकोला वहिनींना रोज जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर पडतील. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७०० किलोमीटर, म्हणजे पंधरा-सोळा लिटर पेट्रोल. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि गाडीची दरवर्षी घटणारी किंमत मिळवली की एका स्कूटरचा खर्च महिन्याला तीन हजारांच्या पुढे जातो. चार-पाच वर्षांत मुलगी महाविद्यालयात जाईल तेव्हा दुसरी स्कूटर येईल. दोन स्कूटरी म्हणजे तुमचा तो वाढीव हप्ता. फरक एवढाच की हप्ता संपल्यावर घर उरते आणि स्कूटर संपल्यावर भंगारवाला उरतो.

अमेरिकेतील एका संस्थेने यासाठी घरखर्च आणि प्रवासखर्च एकत्र मोजण्याची पद्धत रूढ केली असून दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असतील तरच ते ठिकाण परवडणारे मानले जाते. आपल्याकडे बँक पगारपत्रक पाहते, चालू कर्जांचे हप्ते पाहते, पण 'या घरात राहायला गेल्यावर तुमचे पेट्रोल किती वाढेल' असे कोणीही विचारत नाही.

सहावी योजना
हिशेबनीस, आपला हिशेब चोख असला तरी एक बाजू सुटली आहे. जुन्या इमारतीचा देखभाल खर्च, गळती आणि लिफ्टचा अभाव यांची किंमत कोण धरणार? सत्तरीच्या आईला दोन जिने रोज उतरवून पाच मिनिटांवरच्या थांब्याचा आनंद द्यायचा, हे मला पटत नाही.

माझे बालपण नाशिकच्या सिडको वसाहतीत गेले. सातपूर आणि अंबडच्या कामगारांसाठी सिडकोने टप्प्याटप्प्याने सहा योजना उभ्या केल्या आणि माझ्या नावावरून आमची कोणती ते कळेलच. आम्ही राहायला गेलो तेव्हा रस्त्यावर चिखल होता आणि बस नव्हती. वडील सायकलने कारखान्यात जात. पुढे वस्ती भरली आणि बस आली. तेव्हा धागाकर्त्याचे 'आज ना उद्या' हे अगदीच निराधार नाही.

पासधारक
सिडकोत बस आली, कारण तिथे एकाला एक चिकटून घरे होती आणि सकाळी सातला एकाच दिशेने जाणारे शेकडो लोक होते. म्हसरूळच्या पुढे प्लॉटवर बंगले आणि रो-हाऊस आहेत, प्रत्येक दारात चारचाकी आहे. बसने तिथे कोणासाठी जावे?

मी मुंबईला रोज ये-जा करणारा जुना पासधारक आहे. पंचवटी एक्सप्रेस १९७५ साली सुरू झाली आणि माझ्या मते त्या एका गाडीने नाशिकरोडचा घरबाजार जितका घडवला तितका कोणत्याही बांधकाम व्यावसायिकाने घडवला नसेल. पहाटे उठून सातच्या सुमाराची गाडी गाठायची असेल तर स्टेशनपासून पायी अंतरावर राहणे ही चैन उरत नाही, ती गरज होते. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांनी गंगापूर रोडची हवा, कॉलेज रोडचा तोरा हे सगळे सोडून स्टेशनजवळच्या मुक्तिधाम मंदिराच्या आसपास लहान फ्लॅट घेतले. गंगापूर रोडला राहणारा पासधारक सकाळी अर्धा तास आधी उठतो आणि रात्री अर्धा तास उशिरा जेवतो. वीस वर्षांत हे किती तास झाले ते हिशेबनीस सांगतील.

हिशेबनीस
वर्षाला २५० दिवस धरले तर पाच हजार तास. दिवसरात्र धरून सातएक महिने.

पासधारक
विचारायला नको होते.

गावठाण
थोडे विषयांतर होईल, पण मूळ प्रश्नाशी नाते आहे. लोहमार्ग नाशिक शहरात आलाच नाही, तो आठ-नऊ किलोमीटर दुरून गेला आणि या शहराचे पुढचे सारे नियोजन त्या अंतराभोवती फिरत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेन रोडपासून स्टेशनपर्यंत ट्राम होती, आधी घोड्यांनी ओढली जाणारी आणि नंतर इंजिनवर चालणारी. मधला बराचसा पट्टा त्या वेळी ओसाड होता. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस ती बंद पडली. आज तोच पट्टा म्हणजे द्वारका, गांधीनगर, उपनगर, दत्त मंदिर, बिटको. निमाणी ते नाशिकरोड हा शहरातील सर्वांत भरवशाचा बसमार्गही याच बाजूने जातो. तात्पर्य, उपनगर नाक्यावर आज घर घेणारा मनुष्य शंभर वर्षांहून जुन्या वाटेवर घर घेत आहे. रस्त्यांना सवयी असतात आणि त्या मोडायला फार काळ लागतो.

भटका बगळा
म्हणजे ४९ लाखांत घोड्यांचीही पुण्याई धरलेली आहे. आता किंमत वाजवी वाटू लागली.

नगररचना_निवृत्त
मी नोकरीची तीस वर्षे नकाशांवर काढली, त्यामुळे 'वस्ती वाढली की बस जाते' या समजुतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

नाशिकमध्ये जमीन शेताशेताने विकसित होते. एका गटाचा मालक बिनशेती करून ले-आउट मंजूर करून घेतो, त्याच्या हद्दीत नऊ मीटरचे रस्ते आखतो आणि ते रस्ते शेजाऱ्याच्या बांधाशी येऊन थांबतात. शेजारी दहा वर्षांनी ले-आउट करतो तेव्हा त्याचा रस्ता चार मीटर बाजूला निघतो. नकाशावर थांबा दोनशे मीटरवर दिसतो, पण पायी जायला मात्र वळसा घालून पाऊण किलोमीटर चालावे लागते. विकास आराखड्यातील रुंद रस्ता या सर्वांना जोडणार असतो खरा. पण त्याचा मधला तुकडा कोणाच्या तरी द्राक्षबागेतून जातो, मोबदल्याचा वाद चालू राहतो आणि रस्ता दोन्ही बाजूंनी येऊन बागेपाशी उभा राहतो. बाराएक मीटर लांबीची बस अशा गल्लीत शिरली तर तिला वळायला जागा मिळत नाही. मग ती मुख्य रस्त्यावरच थांबते आणि तुमचा सव्वा किलोमीटर कायमचा तुमच्याच पायांवर राहतो.

दुसरी गोष्ट पैशाची. ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेने शहर बससेवा एसटीकडून स्वतःच्या कंपनीकडे घेतली. तिची रचना अशी आहे की गाडी चालवणाऱ्या ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे आणि तिकिटाचे उत्पन्न आपल्याकडे ठेवायचे. यात ठेकेदार प्रवाशांसाठी शर्यती लावत नाही, हा लाभ आहे. परंतु रिकाम्या गाडीचा प्रत्येक किलोमीटर महापालिकेच्या खिशातून जातो, म्हणून विरळ वस्तीच्या मार्गावर फेऱ्या वाढवण्याआधी ती दहा वेळा विचार करणार. ज्या वसाहतीची मांडणीच बसला प्रतिकूल आहे, तिथे बस आलीच तर तासाला एक येते, तासाला एक असलेली बस कोणी वापरत नाही आणि कोणी वापरत नाही म्हणून ती दोन तासांना एक होते.

बांधावरचा
नगररचना_निवृत्त साहेब, द्राक्षबाग आडवी येते असे आपण लिहिलेत. बाग आडवी आली नाही, ती आधीपासून तिथेच होती. आडवा आला तो रस्ता. मखमलाबाद-हनुमानवाडी भागात स्मार्ट सिटीच्या काळात नगररचना परियोजना मांडली तेव्हा आमच्यात दोन तट पडले, ते उगाच नव्हे. सर्वांची जमीन एकत्र करून आधी रस्ते, उद्याने काढायची आणि उरलेले भूखंड परत द्यायचे, ही कल्पना कागदावर देखणी आहे. पण ज्याचे पोट त्या दोन एकरांवर आहे त्याने जमिनीतला मोठा वाटा द्यायचा आणि दर वाढण्याची वाट पाहायची. दर वाढेपर्यंत त्याने खायचे काय? रस्ता आमच्या मळ्यातून आणि बस तुमच्या दारात, असा हा व्यवहार आहे.

नगररचना_निवृत्त
आपला आक्षेप मान्य आहे. 'आडवी येते' हा शब्द मी मागे घेतो. माझा मुद्दा इतकाच की आधी रस्ते आणि मग घरे हा क्रम त्या पद्धतीत साधतो, शेताशेताच्या ले-आउटमध्ये साधत नाही. त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने मोजू नये, हे खरेच.

अबोली
सगळे सकाळच्या बसबद्दल बोलत आहेत. मी परिचारिका आहे आणि माझी पाळी कधीकधी रात्री नऊला सुटते. घर निवडताना मी एकच प्रश्न विचारला होता : शेवटची बस किती वाजता आणि थांब्यापासून दारापर्यंत दिवे आहेत का? आडगावच्या बाजूला पाहिलेले घर मला फार आवडले होते, दोन्ही बाजूंना गॅलरी होती, पण थांब्यावरून येताना रिकाम्या प्लॉटांची रांग, त्यांत गुडघाभर गवत आणि कुत्र्यांचा घोळका. दिवसा त्याच जागेला एजंट 'मोकळी हवा' म्हणत होता. मी इंदिरानगरला एक खोली कमी घेतली आणि आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

धागाकर्त्यांना सुचवते की दोन्ही घरे रात्री साडेनऊला बसने जाऊन पाहा, आणि वहिनींना बरोबर न्या. तुमच्या दुचाकीने जाऊ नका.

सायखेड्याची द्राक्षे
मेट्रोचा विषय अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते. गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका अशा दोन मार्गिका ठरल्या होत्या. पहिली तर उपनगरच्याच बाजूने जाणार. ती झाली तर उपनगरचे भाव कुठे जातील याचा विचार करावा.

पासधारक
आश्चर्य कसले? मेट्रो निओला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी २०१९ची. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली आणि त्या आठवड्यात शहरातील प्रत्येक गृहप्रकल्प अचानक 'मेट्रोलगत' झाला. रबरी टायरची, वरच्या तारांवरून वीज घेणारी, उन्नत मार्गावर धावणारी, देशातील पहिली असे वर्णन वाचून मीही हरखलो होतो. त्यानंतर इतकी वर्षे गेली, रस्त्यात एकही खांब उभा राहिलेला नाही. पुणे-नाशिक लोहमार्गाचीही कथा निराळी नाही. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे त्याची आखणीच वादात सापडली. घोषणेच्या भरवशावर ज्यांनी ज्यादा पैसे मोजले, त्यांनी न आलेल्या गाडीचे तिकीट आधीच फाडले.

रिकामा प्लॉट
मी त्यांपैकीच एक, त्यामुळे बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो. माहितीपत्रकात इमारतीसमोर चक्क स्थानकाचे चित्र होते, त्याखाली झाडे आणि झाडांखाली हसणारे कुटुंब. गृहप्रकल्पांसाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतील खोट्या विधानामुळे नुकसान झाल्यास भरपाई मागता येते, असे समजल्यावर मी ते पत्रक वकिलाला दाखवले. त्यांनी भिंग काढले आणि तळाशी 'चित्रे कल्पनेवर आधारित' ही ओळ वाचून दाखवली. हसणारे कुटुंबही कल्पनेवरच आधारित होते.

नगररचना_निवृत्त
इथे एक भेद लक्षात ठेवावा. स्थानकाभोवतीच्या विकासासंबंधी २०१७च्या राष्ट्रीय धोरणात स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात दाट वस्ती, मिश्र वापर आणि चांगले पदपथ असावेत, असे सांगितले आहे. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बसच्या मार्गांवर उंच इमारतींना परवानगी दिली आणि मार्गापासून दूर ती कमी कमी करत नेली; म्हणून तिथल्या बसला प्रवासी शोधावे लागले नाहीत. आपल्याकडे वाढीव चटई क्षेत्र चटकन मिळते आणि वाहन मागे राहते. दाट वस्ती आली, वाहन आले नाही, तर उरते ती केवळ पार्किंगची भांडणे.

सहावी योजना
आमच्या गल्लीतील भांडणांचे शास्त्रीय कारण आज कळले.

निमाणीकर
मला वाटते आपण बसकडे तुच्छतेने पाहतो. २०१५च्या सिंहस्थात खासगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवल्या आणि तिथून एसटीने भाविक आत आणले. बंदोबस्ताचा अतिरेक झाला, भाविकांना मैलोगणती चालावे लागले, ते चुकलेच. तरीही एवढी माणसे बसने हलवता येतात हे या शहराने पाहिले आहे. आता पुढच्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत, बाह्य वळणरस्त्याची चर्चा आहे आणि लोक त्या वळणरस्त्याच्या कडेने प्लॉट घेत सुटले आहेत. वळणरस्ता वाहनांना शहराबाहेरून नेण्यासाठी असतो, त्यावर थांबा कशाला येईल? त्याच्या कडेला घर म्हणजे गाडीवाल्याचे घर.

सायखेड्याची द्राक्षे
गुंतवणूक म्हणून घेत असतील तर हरकत काय?

निमाणीकर
गुंतवणूक म्हणून घेतात, हीच तर अडचण आहे. रिकाम्या प्लॉटांतून बसला प्रवासी मिळत नाहीत आणि अबोलीताईंना मिळतात ती कुत्री.

शेअर रिक्षा
एक गोष्ट सर्वांनी गाळली. या शहरातील निम्मी ये-जा आमच्यावर चालते. शालिमार ते नाशिकरोड, सीबीएस ते सातपूर, कुठेही उभे राहा. म्हसरूळच्या आतल्या वसाहतींतही रिक्षा जाते.

अबोली
दादा, जाते, पण सीट भरल्याशिवाय हलत नाही आणि रात्री आठनंतर 'स्पेशल' होते. चौथी सीट चालकाच्या मांडीला चिकटून असते, तिथे सत्तरीच्या आजी कशा बसणार? तरीही मान्य करते की आतल्या वसाहतींपासून मुख्य थांब्यापर्यंत ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या भाड्यात रिक्षा चालल्या, तर सव्वा किलोमीटरचा प्रश्न उद्याच सुटेल.

शेअर रिक्षा
ठरलेल्या भाड्यात परवडायला येताना-जाताना दोन्ही वेळा सीट मिळायला हवी. सकाळी सगळे बाहेर येतात, आत कोणी जात नाही. परतीचे पेट्रोल कोण देणार, ते सांगा, मी उद्यापासून उभा राहतो.

शोधयात्री
उशिरा उत्तर देत आहे, क्षमस्व. अबोलीताईंचा सल्ला मानून आम्ही दोन्ही घरे बसने पाहिली, आईलाही नेले.

मंगळवारी सकाळी म्हसरूळच्या त्या इमारतीपासून निघालो. सव्वा किलोमीटर चालायला आईला सव्वीस मिनिटे लागली, कारण पदपथ नाही आणि डंपर आला की ती थांबत होती. थांब्यावर एकोणीस मिनिटे वाट पाहिली, निमाणीला उतरून गाडी बदलली आणि बिटकोला पोचेपर्यंत एक तास बावन्न मिनिटे झाली होती. गुरुवारी उपनगरहून तोच शेवट गाठायला जिना धरून एकतीस मिनिटे लागली. त्यांतील नऊ मिनिटे जिन्याची होती, सहावी योजना यांनी हे नोंदवून घ्यावे. आई खाली उतरली, पण परत चढताना पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर बसली आणि म्हणाली की हे घर चढायला एसटी लागेल.

रात्री साडेनऊला पत्नी आणि मी पुन्हा म्हसरूळला गेलो. त्या फेरीविषयी पत्नीने मला इथे काहीही लिहायचे नाही असे बजावले आहे.

सध्या दोन्ही घरांना नकार कळवला आहे. हिशेबनीस यांचे गणित आणि जिन्याची नऊ मिनिटे, दोन्ही खरे आहेत. आता मार्ग तोच ठेवून, दत्त मंदिर ते बिटको या पट्ट्यात तळमजला किंवा लिफ्ट असलेले जुने घर पाहत आहोत, एक खोली कमी मिळाली तरी चालेल. सुरुवातीला अकरा महिने भाड्याने राहून पाहावे असेही वाटते.

सहावी योजना
नऊ मिनिटे नोंदवली. आईंना नमस्कार सांगा.

हिशेबनीस
भाड्याने राहणार असाल तर घरभाडे अधिक प्रवासखर्च अशी बेरीज दर महिन्याला लिहून ठेवा. वर्षाने इथे टाका, सर्वांना उपयोग होईल.

शोधयात्री
जरूर. दत्त मंदिर चौकाच्या मागच्या गल्लीत रविवारी एक तळमजला पाहायला जाणार आहोत. तिथून रात्री निमाणीकडे शेवटची बस साधारण किती वाजता मिळते, हे त्या भागातील कोणी सांगू शकेल का? वेळापत्रकातली वेळ नको, प्रत्यक्षातली हवी.

पासधारक
माझी परतीची गाडी रात्री उशिरा येते आणि मी त्याच चौकातून घरी जातो. उद्या आणि परवा थांब्यावर थांबून पाहतो आणि कळवतो.